दोन स्टेशनांच्या फटीतली टेप

घाम, बिअर आणि हेअरस्प्रे. डोळे अंधाराला सरावायच्या आत नाकाला एवढं कळतं, आणि तेवढ्यात बरगडीत कुणाचं तरी कोपर बसतं. वळून बघता तर सतरा-अठरा वर्षांचा पोरगा. केस आरशात बघून स्वतःच कापल्यासारखे, अंगातला टी-शर्ट फाडून पुन्हा सेफ्टी पिनांनी जोडलेला. त्याचा तुमच्यावर राग नाही. इथे सगळेच सगळ्यांवर आदळतायत. स्टेजवरचं गाणं दीड मिनिटात संपतं, टाळ्यांना उसंत न देता दुसरं सुरू होतं, आणि तुमचा पाय घसरतो. घाबरू नका. कुणाचे तरी दोन हात काखेत शिरतात, तुम्हाला उभं करतात आणि परत गर्दीत ढकलून देतात. पडलेल्याला उचलायचं, हा या धिंगाण्यातला अलिखित कायदा आहे.

साल १९८०. जागा 'ककूज नेस्ट', कोस्टा मेसा, ऑरेंज काउंटी, दक्षिण कॅलिफोर्निया. बाहेर पार्किंगमध्ये या, जरा हवा लागेल. शेजारी 'झुबीज' नावाचा बार आहे, तिथे काउबॉय टोप्या घातलेली मंडळी बसतात आणि या पिनावाल्या पोरांना बघितलं की त्यांचे हात शिवशिवतात. मारामाऱ्या ठरलेल्या, पोलिसांची गाडीही ठरलेली. नगरपालिका क्लब बंद पाडायला टपून बसली आहे आणि १९८१ मध्ये तो बंद होणारच आहे. तोवर फुलर्टनचे सोशल डिस्टॉर्शन आणि ॲडोलसंट्स, लाँग बीचकडचे टी.एस.ओ.एल. हे सगळे याच पट्ट्यातून उभे राहतायत. गंमत बघा, ही काही झोपडपट्टी नव्हे. घरापुढे कातरलेली हिरवळ, गॅरेजमध्ये दोन गाड्या, बाप विमानांच्या किंवा संरक्षणखात्याच्या कारखान्यात इंजिनियर. पोटाला कमी नाही. पोरं मात्र ओरडतायत.

हा आवाज कानात तसाच राहू द्या. आपल्याला इथून काही मैलांवर आणि सात वर्षं मागे जायचंय.

सांता ॲनाच्या हद्दीवर मोकळ्या जमिनीवर सर्कशीचा असावा तसा प्रचंड तंबू ठोकलेला आहे. १९७३. आत घडीच्या खुर्च्या, आणि खुर्च्यांवर लांब केसांची, बिनचपलेची, गळ्यात मण्यांच्या माळा घातलेली पोरं-पोरी. कुणीतरी गिटार जुळवतंय. हे कॅलव्हरी चॅपल. नवी वास्तू उभी राहीपर्यंत प्रार्थना तंबूत. पास्टर चक स्मिथ पंचेचाळिशी ओलांडलेले, टक्कल, चेहऱ्यावर मोठं हसू, वेश एखाद्या विमा एजंटाचा. त्यांची एक गोष्ट इथे ज्याच्या-त्याच्या तोंडी आहे. हिप्पी पोरांच्या मळक्या पायांनी चर्चचा गालिचा खराब होतो म्हणून कुणीतरी 'अनवाणी प्रवेश नाही' अशी पाटी लावली. स्मिथनी पाटी उतरवली आणि विश्वस्तांना सांगितलं, गालिच्यापायी पोरं बाहेर राहणार असतील तर गालिचाच उपटून टाकू. 'टाइम' साप्ताहिकाने जून १९७१ मध्ये हिप्पी पोरांच्या येशूकडे वळण्याच्या या सगळ्या लाटेवर मुखपृष्ठ केलं, आणि त्याच वर्षी चर्चने 'मॅरानाथा! म्युझिक' नावाची स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली.

ज्याच्यामुळे ही पोरं पहिल्यांदा या दारात आली तो लॉनी फ्रिस्बी तुम्हाला तंबूत दिसणार नाही. दाढी-केसांमुळे चित्रातल्या येशूसारखा दिसणारा हा तरुण उपदेशक तोवर इथून निघून गेलाय. पुढे त्याचं समलिंगी असणं उघड झालं, १९९३ मध्ये तो एड्सने गेला, आणि ज्या चर्चांच्या पायाभरणीत त्याचा हात होता त्यांच्या इतिहासात त्याचं नाव बरीच वर्षं फारसं कुणी घेतलं नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण या प्रवासात आपल्याला १९८७ मधल्या ज्या एका अल्बमपर्यंत पोचायचंय तोही याच घरातला आहे. या घराला दार उघडायची जशी सवय आहे, तशीच नाव गाळायचीही.

तंबूतली गाणी गोड आहेत. गिटार, तीन आवाजांची जुळवण, येशूवर प्रेम. कंपनी ती छापते, ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांत पाठवते, आणि दुकानं ती विकतात. या तिसऱ्या पायरीकडे लक्ष असू द्या. साध्या रेकॉर्डच्या दुकानात ही गाणी जवळजवळ नसतात. त्यांची वाट वेगळी, गोदामं वेगळी, जाहिरातीची मासिकं वेगळी, विक्रीचे तक्तेही वेगळे. गंगेचे दोन प्रवाह असावेत तशा दोन बाजारपेठा, आणि मधे संगम नाही.

एक छोटी उडी. १९८१. ककूज नेस्टला टाळं लागायच्या वर्षी याच मॅरानाथाने 'लाइफसेव्हर्स' नावाच्या पोरसवदा बँडचा 'अस किड्स' हा अल्बम काढलाय. गिटारी कडक, लय उड्या मारणारी. म्हणजे पार्किंगमधला तो आवाज शेवटी तंबूपर्यंत पोचला म्हणायचा. पाठोपाठ अंडरकव्हर, मग आल्टर बॉइज. पोरं चर्चच्या सभागृहात उड्या मारतायत, आयाबाया मागच्या ओळीत कानांत बोटं घालून बसल्यात, पण पोरं रात्री ककूज नेस्टला न जाता इथे आहेत याचं समाधानही त्यांना आहे. या पंकमध्ये राग असतो तो जगावर, पापावर, ढोंगावर. देवावर नाही. स्वतःवर तर मुळीच नाही. गाण्याच्या शेवटी उत्तर तयार असतं, आणि ते नेहमी एकच असतं.

लाइफसेव्हर्समधल्या एका पोराचा चेहरा लक्षात ठेवा. मायकल नॉट, वय १८, मूळचा इलिनॉयमधल्या ऑरोराचा.

आता १९८७. डिसेंबर. इथे आपण निवांत थांबणार आहोत.

स्ट्रिप मॉलमधलं ख्रिस्ती पुस्तकांचं दुकान. एका बाजूला ड्रायक्लीनर, दुसऱ्या बाजूला डोनटवाला. काचेचं दार ढकललंत की घंटी वाजते आणि दालचिनीच्या मेणबत्तीचा वास येतो. नाताळ तोंडावर, त्यामुळे पुढच्या टेबलावर गव्हाणीचे देखावे मांडलेत: गाय, गाढव, तीन ज्ञानी, आणि मोठाल्या पाणीदार डोळ्यांच्या चिनीमातीच्या बाहुल्या. गल्ल्यामागे एक बाई बायबलवर नाव उमटवतायत. हे जरूर बघा. छोटंसं हातयंत्र, त्यात एकेक अक्षर उलटं बसवायचं, वर सोनेरी पन्नीची पट्टी ठेवायची, तापलेला दांडा खाली ओढून क्षणभर दाबून धरायचा. उचलला की काळ्या चामड्यावर सोन्याची अक्षरं. पहिल्या प्रयत्नात जरा तिरकं उमटलं तर बायबल वाया, म्हणून बाईंनी श्वास रोखून धरलाय.

मधल्या रॅकवर नवी पुस्तकं. त्यांत टीव्हीवरचे सुप्रसिद्ध उपदेशक जिमी स्वॅगर्ट यांचं रॉक संगीतावरचं पुस्तक आहे, याच वर्षीचं. ख्रिस्ती रॉक म्हणजे मेंढराच्या कातड्यातला लांडगा, असा त्याचा एकूण सूर. त्याच दुकानाच्या मागच्या भिंतीवर ख्रिस्ती रॉक विकायला ठेवलाय. मालकांना यात विसंगती वाटत नाही. दोन्ही खपतं.

मागच्या भिंतीकडे चला. कॅसेटच कॅसेट. वरच्या ओळीत एमी ग्रँट, जिने दोन वर्षांपूर्वी साध्या रेडिओपर्यंतही मजल मारली. खाली पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे स्ट्रायपर. केस फुगवलेले, मैफलीत नवा करार प्रेक्षकांत भिरकावणारे, याच ऑरेंज काउंटीतले, आणि गेल्या वर्षीच्या अल्बमच्या दहा लाखांवर प्रती विकलेले. शेजारी एक तक्ता चिकटवलाय. डाव्या रकान्यात जगातल्या बँडांची नावं, उजव्या रकान्यात त्यांना पर्याय म्हणून ख्रिस्ती बँड. आईने पोराला इथे आणायचं, पोराने डाव्या बाजूला बोट ठेवायचं, आईने उजव्या बाजूची कॅसेट घ्यायची. मला हा तक्ता फार बोलका वाटतो. गाणं इथे औषधासारखं मिळतं, मूळ कंपनीचं नको तर त्याच गुणाचं दुसरं देतात.

आता गुडघ्यावर बसा. सगळ्यात खालची ओळ, कोपऱ्यात, धूळ जरा जास्त. कॅसेटच्या पाठीवर 'एल.एस.यू.', म्हणजे लाइफसेव्हर्स अंडरग्राउंड. अल्बमचं नाव 'शेडेड पेन'. काढलाय फ्रंटलाइन रेकॉर्ड्सने, जी कंपनी आल्टर बॉइजही विकते. तो अठराचा पोरगा आता चोविशीत आहे, आणि बँडच्या नावाला 'अंडरग्राउंड' ही शेपटी त्याने उगाच लावलेली नाही. तक्त्यावर या नावासमोर काय लिहायचं, हे तक्ता करणाऱ्याला सुचलेलं दिसत नाही.

गल्ल्यावर घेऊन जा. बाई चष्मा कपाळावरून नाकावर ओढतात आणि मागची गाण्यांची यादी वाचतात. 'डाय बेबी डाय' या नावाशी त्या थांबतात.

"कुणासाठी घेताय?"

"माझ्यासाठीच."

"तुम्ही ऐकलंय का आधी? नाही, म्हणजे... आम्ही नंतर परत घेत नाही. उघडलेली कॅसेट चालत नाही आम्हाला."

त्यांची चूक काढू नका. स्वतःला, आपल्यातल्या जुन्या माणसाला मरू द्यायचं ही कल्पना संत पॉलच्या पत्रांत आहे, आणि ती पत्रं या बाईंना माझ्यापेक्षा आणि तुमच्यापेक्षा नक्कीच जास्त पाठ आहेत. पण पत्रातलं मरण आणि कॅसेटच्या पाठीवर छापलेलं मरण यांत नाताळच्या आठवड्यात फरक पडतो. पैसे द्या, आणि निघा.

पार्किंगमध्ये तुमच्यासाठी एक जुनी दात्सुन उभी केली आहे. कॅसेट घालण्याआधी रेडिओ लावा. काटा सरकवत उजव्या टोकाकडे न्या. १०६.३ वर केवायएमएस, सांता ॲनाचं ख्रिस्ती स्टेशन: गुळगुळीत आवाज, सिंथेसायझर, आशा. आता काटा केसभर पुढे. १०६.७ वर पॅसेडीनाचं केरॉक: द क्युअर, एको अँड द बनीमेन, डिपेश मोड, काळे कपडे घातलेलं सगळं इंग्लंड. दोन्ही स्टेशनांमध्ये ०.४ मेगाहर्ट्झचं अंतर. हात जरा हलका ठेवून काटा मधोमध आणला की नुसती खरखर. तुमच्या हातातल्या कॅसेटला आवाज १०६.७ चा आहे आणि मजकूर १०६.३ चा. तिची जागा या खरखरीत आहे.

घाला कॅसेट.

पहिल्या काही मिनिटांत तुम्हाला कळेल की शुद्ध पंक शोधत आला असाल तर जरा निराशा आहे. ककूज नेस्टमधली ती दीड मिनिटाची धाव इथे नाही. त्या धावेनंतर जे उरतं ते आहे. पंकचा सांगाडा तोच, पण मांस उतरलेलं. गिटारी घासत, किणकिणत, रडव्या सुरांत फिरतात, बास पुढे येऊन चालीचा ताबा घेतो, आणि मधे खूप मोकळी जागा सोडलेली. ब्रायन डॉइज हा नॉटचा जुना सोबती इथेही त्याच्याबरोबर आहे. नॉटचा आवाज मात्र कुणाच्या साच्यातला नाही. तो पुटपुटतो, मग एकाएकी फाटतो, मग गाणं म्हणायचं सोडून नुसता कण्हतो. काही ठिकाणी सूर सुटलेलाही आहे आणि तो तसाच ठेवलाय. दुसऱ्या कुठल्या निर्मात्याने हे पुन्हा म्हणून घेतलं असतं.

आणि शब्द. ते मी इथे देत नाही, ऐकायचे तुम्ही. विषय सांगतो: एकटेपण, आतून फाटलेपण, मरण, माश्यांची पीडा, यार्देन नदी. सगळं बायबलमधलं, आणि सगळं चोवीस वर्षांच्या पोराच्या अंगावर आलेलं. प्रत्येक गाण्यात तुम्ही सवयीने वाट बघता, की आता शेवटच्या कडव्यात उत्तर येईल. तंबूतल्या गाण्यांनी ती सवय लावलीये. उत्तर येतं तेव्हा ते धापा टाकत येतं, आणि काही वेळा गाणं तुम्हाला तिथेच सोडून संपतं. विश्वास कुठेही सुटलेला नाही. हीच खरी गोम आहे. देव नाही असं म्हणणारं गाणं असतं तर दुकानाने ते ठेवलंच नसतं आणि विषय संपला असता. हा पोरगा देव आहे असं धरून चालतो आणि त्याच्याच दारात कोसळून बसतो.

आपल्याकडच्या माणसाला यात काय विशेष, असं वाटेल. तुकोबा विठ्ठलाशी भांडतात, नामदेव रुसून बसतात, जनाबाई तर त्याला ठेवणीतल्या शिव्या घालते, आणि ते अभंग आपण टाळ-मृदंगाच्या साथीने देवळातच म्हणतो. भक्ताने देवाची खरडपट्टी काढणं हा आपल्याकडे भक्तीचाच भाग. तसं पाहिलं तर ख्रिस्ती लोकांकडेही ही परंपरा काही कमी नाही. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं भरपूर आहेत. त्यांतली बहुतेक शेवटाकडे वळण घेतात आणि भरवशाच्या ओळीवर येऊन थांबतात. ८८ वं स्तोत्र मात्र वळत नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. मघाशी बाईंनी ज्या बायबलवर श्वास रोखून सोन्याचं नाव उमटवलं, त्याच्या साधारण मधोमध हे स्तोत्र छापलेलं आहे. ते पुढच्या टेबलावर, आणि त्याची १९८७ मधली सख्खी भावंडं वाटावीत अशी गाणी खालच्या ओळीत कोपऱ्यात. अडीच हजार वर्षं जुनं दुःख विकायला अडचण नसते.

रात्री मोटेलमध्ये टीव्ही लावा. या वर्षी अमेरिकेत धर्माची बातमी म्हणजे टीव्हीवरचे उपदेशक. जानेवारीत ओरल रॉबर्ट्स यांनी प्रेक्षकांना सांगितलं, की मार्चअखेर ८० लाख डॉलर जमले नाहीत तर देव आपल्याला वर बोलावून घेईल. १९ मार्चला जिम बेकर यांनी पीटीएल या आपल्या साम्राज्याचा राजीनामा दिला. आधी एका तरुणीचं प्रकरण, मग पैशांचं. तो खटला पुढे तुरुंगापर्यंत जाणार आहे. आणखी दोन महिने थांबलात तर २१ फेब्रुवारी १९८८ ला स्वतः स्वॅगर्ट, तेच पुस्तकवाले, कॅमेऱ्यासमोर गालांवरून अश्रू ओघळत पापाची कबुली देताना दिसतील. लाखोंनी ते बघितलं. या माणसांच्या रडण्याला अख्ख्या देशभर उपग्रहावरून जागा होती. मला कुठल्याही अश्रूंच्या खरेखोटेपणाचा निवाडा करायचा नाही. पण त्या एका वर्षात कुणाची वेदना घराघरांत गेली आणि कुणाची दुकानाच्या तळाला, हे शेजारी-शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे.

तुम्ही म्हणाल, मग याने ख्रिस्ती दुकानाचा नाद सोडून सरळ दुसऱ्या दुकानात जायचं होतं. रास्त शंका आहे, आणि तिला याच वर्षाचा भक्कम पुरावाही आहे. मार्च १९८७ मध्ये यू टू या आयरिश बँडचा 'द जोशुआ ट्री' आला, अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. त्यातही देवाचा शोध आहे, आणि शोध संपलेला नाही असं तो उघड सांगतो. म्हणजे बाहेरच्या बाजाराला देवाचं वावडं नव्हतं. फरक दाराचा होता. यू टू बाहेरच्या कंपनीच्या दारातून आले, त्यांच्या श्रद्धेचा शोध ऐकणाऱ्यांनी मागाहून लावला. फ्रंटलाइनचा शिक्का असलेली कॅसेट मात्र साध्या दुकानात पोचतच नसे, आणि चुकून पोचली तर 'धार्मिक' या खणात, गॉस्पेलच्या शेजारी. काळे कपडे घातलेला केरॉकचा श्रोता त्या खणाकडे फिरकणार कशाला? म्हणून 'शेडेड पेन' कुणी बंदी घालून दडपला असं मी म्हणणार नाही. दडपायला आधी कुणाचं तरी लक्ष जावं लागतं. हा अल्बम गोदामांच्या, वितरकांच्या आणि खणांच्या रचनेत हरवला, चुकीचा पिन कोड पडलेल्या पत्रासारखा.

पण हे नॉटच्याही ध्यानात आलं असावं, कारण पुढची तीन वर्षं ओलांडलीत की तो १९९० मध्ये स्वतःच दुकान मांडताना दिसतो. लेबलचं नाव 'ब्लाँड व्हायनल'. हा सगळ्या प्रवासातला माझा आवडता टप्पा आहे, अल्बमपेक्षाही. कुणालाही नको असलेले बँड इथे गोळा झाले: ब्रेकफास्ट विथ एमी, फ्लफी, डान्स हाउस चिल्ड्रन. गोंगाट, कीबोर्ड, विचित्र वेश, विचित्र नावं. नॉट स्वतःही सुटलेलाच होता. १९९२ च्या 'द ग्रेप प्रॉफेट'मध्ये त्याने त्या काळात चर्चांमध्ये गाजत असलेल्या स्वयंघोषित भविष्यवेत्त्यांची रेवडी उडवली. म्हणजे ज्या बाजाराला आधीच त्याची भीती वाटत होती, त्या बाजाराच्या लाडक्यांवरच हा घसरला. मला हे धाडस आवडतं. धंद्याचं शहाणपण म्हणाल तर शून्य.

१९९३ मध्ये माल पोचवणारी वितरक कंपनी बुडाली आणि तिच्यासोबत ब्लाँड व्हायनलही. विकलेल्या मालाचे पैसे आलेच नाहीत. छोट्या लेबलचं मरण बहुतेक वेळा असंच, गाण्यामुळे नव्हे तर उधारीमुळे.

आणि त्याच १९९३ मध्ये फ्रंटलाइनमध्ये काम करून बाहेर पडलेल्या ब्रँडन एबेल नावाच्या तरुणाने 'टूथ अँड नेल' सुरू केलं. डान्स हाउस चिल्ड्रनमधल्या दोघा भावांपैकी जेसन मार्टिनचा स्टारफ्लायर ५९ तिथे आला, रॉनी मार्टिनचा जॉय इलेक्ट्रिक तिथे आला. वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टनची तीन शाळकरी पोरं एमएक्सपीएक्स या नावाने आली आणि १९९६ च्या 'लाइफ इन जनरल'नंतर ख्रिस्ती पंक हा शब्द स्केटबोर्डवाल्या पोरांमध्येही रुळला. त्या वर्षी इलिनॉयमधल्या बुशनेलला, कॉर्नरस्टोन महोत्सवाच्या धुळीत उभे राहिलात तर हजारो पोरं दिसतील, गोंदलेली, ओठात कडी घातलेली, गळ्यात क्रूस. त्यांना आता कुणी दाराशी अडवत नाही. स्वतःचे तंबू, स्वतःची लेबलं, टपालाने माल मागवायचे स्वतःचे कॅटलॉग. त्यांतल्या बहुतेकांनी 'शेडेड पेन' ऐकलेलाही नाही. ज्यांनी ऐकलाय ते मात्र एकमेकांना ओळखतात, आणि ज्याच्याकडे मूळ कॅसेट आहे तो ती उसनी देत नाही. दुसऱ्या कॅसेटवर भरून देतो.

नॉट तोवर कुठे आहे? हॉलिवूडमधल्या एका जुनाट इमारतीत. १९९४ च्या 'रॉकेट अँड अ बॉम्ब'मध्ये त्याने त्या इमारतीतले भाडेकरूच गाण्यांत आणले, आजूबाजूची हरलेली, विक्षिप्त, दारू प्यालेली माणसं, आणि त्यांच्यात स्वतःलाही बसवलं. दारूशी त्याचं स्वतःचं भांडण त्याने कधी लपवलं नाही. १९९६ मध्ये आंट बेटीज या बँडतर्फे इलेक्ट्रासारख्या बड्या कंपनीचं दारही एकदा उघडलं आणि एका अल्बमनंतर मिटलं. मग चित्रं काढणं, छोट्या मैफली, घरगुती रेकॉर्डिंग. मार्च २०२४ मध्ये तो गेला, ६१ व्या वर्षी. त्या आठवड्यात नव्या पिढीतल्या कितीतरी संगीतकारांनी त्याचं ऋण जाहीरपणे मान्य केलं.

त्यांतल्या काहींनी 'शेडेड पेन'ला सरसकट अजोड ठरवलं, ते मला पटत नाही. ड्रमचा आवाज त्या काळच्या फॅशनप्रमाणे पोकळ आहे, डबा वाजवल्यासारखा. एक-दोन गाणी इंग्लंडकडे फारच टक लावून बघतात. पण आवाज फाटतो त्या जागा आजही तितक्याच उघड्या आहेत. ऐकायला बसाल तर फोनच्या स्पीकरवर नको, बास ऐकूच येणार नाही आणि निम्मा अल्बम बासवर उभा आहे. दात्सुन रात्रभर मोटेलच्या बाहेरच उभी आहे. किल्ली पुढच्या टायरवर ठेवा आणि कॅसेट बरोबर घेऊन या, तशीही ती दुकानातल्या बाई परत घेणार नाहीतच.